पाटाकाठची चौकी पाडून समुदाय भवन: तुमचं काय मत?

डावा_कालवा:

मंडळी, विषय आमच्या गावचा आहे, पण इथले निम्मे लोक बेळगाव-चिकोडी-गोकाककडचे असल्यामुळं इथंच काढतो.

आमचं गाव घटप्रभेच्या डाव्या कालव्यावर. नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या बाजारी चारजण गाडी अडवतील. जुनं गाव वर टेकावर. तिथं वेस, अर्धा ढासळलेला बुरूज, महादेवाचं देऊळ आणि सावकारांचा चौसोपी वाडा. खाली पाटाला लागून जी वस्ती झाली तिला अजून सगळे 'कॅम्प' म्हणतात. धुपदाळचा बंधारा आणि त्यातून निघालेला हा कालवा इंग्रजांच्या वेळचा, आपण मुंबई इलाख्यात होतो तेव्हाचा. कामावर आलेले वडार, गवंडी, मेस्त्री, कारकून जिथं उतरले तो कॅम्प. आता तिथं उरलंय ते एवढंच: साहेबांचा बंगला (आमच्याकडं 'आयबी', म्हणजे इन्स्पेक्शन बंगला), एक पडकं कोठार, आणि पाटाच्या दारापाशी गेजची, म्हणजे पाणी मोजायची, चौकी.

गेल्या ग्रामसभेत विषय निघाला की ही जागा पाटबंधारे खात्याकडून मागून घ्यायची, बंगला आणि चौकी पाडायची, समुदाय भवन बांधायचं. ठराव लिहून तयार आहे, शिक्का पुढच्या सभेत. विरोधात बोलणारा मी एकटा, आणि मी पुण्यात नोकरीला, म्हणजे माझं मत पाहुण्याचं मत.

बंगला गेला तर मला फार वाईट वाटणार नाही, हे आधीच सांगतो. व्हरांडा, आरामखुर्ची, साहेब आला की गावातून जाणारी कोंबडी. असले बंगले दर कालव्यावर आहेत. चौकीचं तसं नाही. दहा बाय बाराची खोली, दीड हात जाड भिंती, वर मंगलोरी कौलं. खिडकी एकच, आणि ती रस्त्याकडं नाही, पाण्याकडं. खाटेवर पडल्या पडल्या मान वळवली की दगडात बसवलेली गेजची पट्टी दिसते, फूट आणि फुटाचे दहा भाग. पाटकऱ्यानं सकाळ-संध्याकाळ पट्टी बघायची आणि वहीत आकडा मांडायचा. उंची कळली की तक्त्यावरून किती क्युसेक चाललंय ते निघायचं (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, 28 लिटरच्या आसपास). त्यावर खालच्या चाऱ्यांच्या पाळ्या ठरायच्या. कुणाचा ऊस उभा राहणार आणि कुणाला जोंधळ्यावर भागवावं लागणार, ते त्या खिडकीतून ठरायचं.

वेशीला कोणी हात लावत नाही, दसऱ्याचं सोनं तिथं लुटतात. देवळाला भक्त आहेत. वाड्याला सात वारस आहेत, त्यांची कोर्टकचेरी संपेपर्यंत वाडा सुरक्षित. चौकीला कोण आहे? आजचं गाव त्या खोलीनं घडवलं, वाड्यानं नाही. म्हणून ती राहावी. पटत नसेल तर तसं सांगा.

चिकोडी_लोकल:

नाही पटत.

पुण्यात फ्लॅट, दिवाळीला चार दिवस गाव, आणि फोटो काढायला पडकी खोली पाहिजे. राग मानू नका, पण प्रत्येक गावात असा एक 'वारसा' असतो आणि असा एक पुणेकर असतो. गावात पोरीचं लग्न काढायचं झालं तर मंगल कार्यालय शोधत कुठवर जावं लागतं ते विचारा घरी. पाऊस आला तर मांडव पडतो, जेवणावळ देवळात घ्यावी लागते. भवन ही चैन नाही. तुमच्या चौकीत आज काय आहे? मला वाटतं दारूच्या बाटल्या आणि विंचू.

डावा_कालवा:

बाटल्या आहेत. विंचू मी पाहिला नाही, घोरपड पाहिली.

भवनाला विरोध नाहीच हो. कॅम्पात गायरानाच्या कडेला जागा आहे, ती का नको ते कोणी सांगत नाही. (आणि आमच्याकडं समुदाय भवन म्हटलं की 'कुठल्या समुदायाचं?' हा पहिला प्रश्न, तो अजून सुटायचाय.)

कुंदा_आणि_मांडे:

मला धागा आवडला. गोकाक फॉल्सला जाणारी गर्दी बघा. 52 मीटरचा धबधबा, झुलता पूल, 1887 ला सुरू झालेली सूतगिरणी, पुलावर सेल्फी, परत येताना करदंट. पण त्याच नदीचं पाणी थोडं वर धुपदाळला अडवून कालव्यात वळवलंय आणि त्यावर तालुकेच्या तालुके पोसलेत, तिकडं पक्षी बघणारे सोडले तर कुणी फिरकत नाही. पडतं ते पाणी आपल्याला दिसतं, वाहतं ते दिसत नाही.

बेळगावात टिळकवाडीची काँग्रेस विहीर जपली, कारण 1924 च्या अधिवेशनाच्या पाण्यासाठी ती खोदली आणि अध्यक्ष गांधीजी होते. चांगलंच केलं. पण वास्तू जपायची तर तिथं मोठा माणूस येऊन जायलाच पाहिजे का? तीसतीस वर्षं रोज पट्टी वाचणारा माणूस चालत नाही?

ओळंबा:

मी बेळगावात बांधकामं घेतो, जुन्या घरांची दुरुस्तीही करतो. भावना बाजूला ठेवून विचारतो: दगड कुठला? चुन्यात आहे का मातीत? खालच्या दोन फुटाला सिमेंटचा गिलावा मारलाय का? लोणा धरलाय का?

डावा_कालवा:

दगड तांबूस, फॉल्सच्या कड्याचा असतो तसला. दर्जा (दगडांमधले सांधे) चुन्याच्या. खाली सिमेंटचा गिलावा आहे, कधीतरी कुणीतरी मारलेला. त्याच्या वरच्या कडेला पांढरी पावडर येते, हात लावला की दगडाचं पीठ बोटाला लागतं.

ओळंबा:

झालं तर मग. तो लोणाच. पाटाची ओल जमिनीतून भिंतीत चढते. चुन्याची दर्ज ती ओल बाहेर सोडते, सिमेंट सोडत नाही. मग ओल आणखी वर चढते आणि सिमेंट संपतं तिथं क्षार बाहेर टाकते. दगड फोडतात ते हे क्षार, वय नव्हे. शंभर वर्षं भिंतीला काही झालं नाही, आणि 'मजबुतीसाठी' मारलेल्या गिलाव्यानं तिची वाट लावली. हे मी दर दुसऱ्या वाड्यात बघतोय.

उपाय अवघड नाही. सिमेंट खरवडून काढायचं, एक उन्हाळा भिंत उघडी वाळू द्यायची, मग चुन्यानं दर्जा भरायच्या. चुना आधी नीट विरवायला पाहिजे. पोतं फोडून त्याच दिवशी कालवायचा तो चुना नव्हे. जुने लोक गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालत. ते सोडा, निदान घाई करू नका. कौलं उतरवून वासे बदलावे लागतील. चौकीएवढ्या कामाचा खर्च भवनाच्या स्लॅबपुढं काहीच नाही.

पण एक खरं सांगतो. दुरुस्त करून कुलूप घालणार असाल तर पाडलेली बरी. माणूस राहिला नाही तर कौलारू घर पाच पावसाळ्यांत बसतं. एक कौल सरकलं आणि कुणी बघितलं नाही की खलास.

जोंधळा:

सगळं वाचलं. आता आमचं ऐका.

आम्ही त्याच कालव्याच्या टेलला, शेवटच्या टोकाला. तुम्ही ज्या वहीचं एवढं कौतुक करालालासा, त्या वहीत 'पाणी पोचलं' म्हणून लिहिलेलं असायचं, आणि आमच्या चारीत पोरं क्रिकेट खेळायची. रात्री वरच्या गावात दार उचललं जायचं. कुणासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि चौकीत चहा कुणाच्या घरनं यायचा तेही ठाऊक होतं. माझा आज्जा तीन कोस चालत त्या असल्याच एका चौकीवर जायचा, हात जोडून उभा राहायचा. आत कधी घेतलं नाही त्याला. तुम्ही म्हणता खिडकी पाण्याकडं. होय की, रस्त्याकडं असती तर उभी राहिलेली माणसं दिसली असती.

आणि वरच्या गावांचं तरी काय? पाटाच्या अंगाची रानं पाझरानं चोपण झाली. माझ्या मामाची दोन एकर काळी, आता पांढरी पडलीय, बाभूळ सोडून काही येत नाही. असल्या चौकीला फुलं वाहायची आमच्यानं होणार नाही. पाडा, आणि पाडताना मला बोलवा, पहिला घाव मी घालतो.

कुंदा_आणि_मांडे:

यावर काय बोलावं कळेना. मघाशी 'रोज पट्टी वाचणारा माणूस' असं मी फार गोड लिहून गेलो.

सीमेवरचा:

मुद्दा कुणी काढत नाही म्हणून काढतो. चौकीवर मराठी अक्षरं आहेत म्हणून पाडताहेत का? 1956 च्या आधीचा जो जो दगड आहे त्याच्यावर डोळा आहेच. आता तर पाट्यांवर 60 टक्के कन्नडचा कायदा. वेळीच आवाज उठवा.

डावा_कालवा:

नाही हो. चौकीवर एकच कोरीव दगड आहे. त्यावर इंग्रजी एम, मैलाचा आकडा, खाली एफ आणि फर्लांगाचा आकडा. मराठी नाही, कन्नड नाही. ठराव मांडणारे दोघं घरात मराठी बोलतात, विरोधात मान हलवणारे एकमेव गृहस्थ कन्नड मास्तर. सभेत अर्धी भांडणं कन्नडात होतात, अर्धी मराठीत, शिव्या दोन्हीत. या दगडाला सीमाप्रश्नात ओढू नका, त्याला फर्लांगापलीकडं काही येत नाही.

अक्काताई_निपाणी:

फर्लांग वाचून हसले. आमच्या वडलांना शेवटपर्यंत किलोमीटर पटला नाही.

पण जोंधळाभाऊंचं म्हणणं कुणी हसण्यावारी नेऊ नका. वाडा जपतो तेव्हा वाड्यातला चाबूक विसरतो, तुळईवरची नक्षी दाखवतो. चौकीचंही तेच होणार. 'ब्रिटिशकालीन वारसा' अशी पाटी, भिंतीला पिवळा रंग, आत बंधाऱ्याचा फोटो. टेलचा माणूस त्यात कुठं? 1876 ते 78 च्या दुष्काळानं हा मुलूख भाजून निघाला, त्यानंतर इलाख्यात कालव्यांच्या कामांना जोर आला. दगड कुणी फोडले? वडारांनी. त्यांची नावं कोणत्या दगडावर आहेत?

माझं मत तुमच्या बाजूनंही नाही आणि पाडण्याच्या बाजूनंही नाही. आधी हे ठरवा की चौकी राहिली तर तिच्यात गोष्ट कुणाची सांगणार. ठरत नसेल तर जोंधळाभाऊंना घाव घालू दे.

चिकोडी_लोकल:

अक्का, एकदम बरोबर. आणि दुसरं. एकदा 'ऐतिहासिक' म्हणून शिक्का बसला की शंभर मीटरात कुणाला संडास बांधता येत नाही. बेळगावात किल्ल्याजवळच्या लोकांना विचारा. कॅम्पातली सगळी घरं शंभर मीटरात येतात. माझी बहीण दिलीय तशा एका गावात, घर वाढवायचं तर अर्ज, अर्जाला उत्तर नाही.

वकील_नव्हे_कारकून:

थोडी दुरुस्ती. 100 मीटरात बांधकामाला मनाई आणि त्यापुढं 200 मीटर परवानगीनं, हा नियम केंद्राच्या संरक्षित स्मारकांचा. 1958 च्या कायद्यात 2010 ला दुरुस्ती होऊन तो कडक झाला. किल्ल्यातली कमल बस्ती, 1204 सालची, रट्ट राजांच्या वेळची, असल्या वास्तूंना तो लागतो. राज्याचा कायदा वेगळा, 1961 चा. तुमच्या चौकीला यातलं काहीही लागू नाही आणि मागितलं तरी कुणी लागू करणार नाही. नुसती जुनी असली म्हणून इमारत आपोआप संरक्षित होत नसते.

उलट तुमची अडचण दुसरीच आहे. जागा खात्याची. ग्रामसभेनं ठराव केला तरी खात्यानं जागा दिल्याशिवाय एक वीट हलवता येत नाही. आणि खात्यानं ठरवलं तर ग्रामसभेला न विचारता हलवता येते. तेव्हा भांडण गावातल्या गावात करण्यापेक्षा गावानं एकमतानं 'चौकी तेवढी सोडून बाकी जागा द्या' असं मागितलं तर मिळायची शक्यता जास्त. ठरावात एक ओळ वाढवायची, बस.

चिकोडी_लोकल:

शंभर मीटरचं मागं घेतो. भवनाचं नाही.

पाटकऱ्याचा_नातू:

मी इथं नुसता वाचायला येतो. पण जोंधळा यांनी लिहिलं म्हणून लिहितोय. माझा आज्जा असल्याच चौकीवर पाटकरी होता, त्याच कालव्यावर, डावा_कालवा यांच्या गावापासून फार लांब नाही. आमच्या इथली चौकी रस्ता रुंद करताना गेली.

चहा सावकाराकडनं यायचा, हे खरं आहे. घरी कधी कुणी नाकारलं नाही. आज्जाचा पगार किती होता आणि सावकार त्याला काय करू शकत होता, हेही जोंधळा यांनी ध्यानात घ्यावं, पण ते असो. माफी मागायला लिहीत नाही.

हिडकलचं 51 टीएमसीचं (51 अब्ज घनफूट पाण्याचं) धरण पाठीशी आलं त्याच्या आधी हा पाट नदीला येईल त्या पाण्यावर चालायचा. उन्हाळ्यात पट्टीवरचं पाणी बोटाबोटानं खाली जायचं आणि मारामाऱ्या व्हायच्या. त्या दिवसांत आज्जा दोन आकडे ठेवायचा. एक वहीत. दुसरा दाराच्या आतल्या बाजूला, खिळ्यानं ओरखडा काढून. वहीतला साहेबांसाठी, दारावरचा खरा. उद्या चौकशी लागली आणि सगळं आपल्या अंगावर आलं तर दाखवायला म्हणून. चौकशी कधी लागली नाही. दार उघडं असलं की ती बाजू भिंतीकडं जायची, त्यामुळं कुणाला दिसायचं नाही. मी लहानपणी त्या ओरखड्यांवर बोट फिरवत बसायचो, मला वाटायचं आज्जा दिवस मोजतोय.

रस्त्याच्या कामात दार कुठं गेलं माहीत नाही. सागवानी होतं, कुणीतरी नेलं असणार.

डावा_कालवा, तुमच्या चौकीचं दार आहे का जागेवर?

डावा_कालवा:

आहे. एक बिजागरी तुटलीय, तिरकं लोंबतंय. आतली बाजू मी कधी बघितलीच नाही. आज शनिवार, रात्रीच्या बसनं निघतो.

जोंधळा:

ओरखडे सापडले तर काय होणार? आमचं पाणी परत येणार?

पाटकऱ्याचा_नातू:

नाही येणार.

ओळंबा:

दार बघायला जाताय तर दाराच्या चौकटीचा खालचा भागही बघा. वाळवी तिथनं सुरू होते. आणि कौलाच्या मागं कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं, त्याचा फोटो टाका. मंगळूरला बासेल मिशननं 1865 ला कौलांचा कारखाना काढला, नंतर तिकडं बरेच निघाले. नावावरून छप्पर कोणत्या काळातलं ते थोडंफार कळतं.

सीमेवरचा:

म्हणजे आता सगळे चौकीच्या बाजूनं?

चिकोडी_लोकल:

मी नाही. खोली ठेवा, भवन गायरानाच्या कडेला न्या, असं म्हणणारे लोक मग गायरानाच्या वेळी दुसरा धागा काढतात. 2019 च्या ऑगस्टात गोकाकजवळचा लोळसूरचा पूल पाण्याखाली गेला तेव्हा आमच्या पाहुण्यांची जुनी मातीची घरं एका रात्रीत बसली. तेव्हा एकही वारसाप्रेमी आला नाही. पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख जाहीर झाले तेव्हा मात्र उभी भिंत आपल्या हातानं ढकलणारे बघितलेत मी. गरज काय असते ते त्या भिंतीला विचारा.

डावा_कालवा (रविवार, संध्याकाळ):

बघून आलो. दाराच्या आतल्या बाजूला हिरवा ऑइल पेंट आहे, जाड, दोन-तीन थरांचा. त्याखाली काही असलंच तर दिसत नाही. एका ठिकाणी पोपडा उडालाय, तिथं नखानं थोडं खरवडलं. दोन आडव्या रेघा आहेत, जवळजवळ. ओरखडे आहेत की नुसता लाकडाचा चरा, मला सांगता येत नाही. आणखी खरवडायचा धीर झाला नाही.

चौकट खालून पोकळ आहे, ओळंब्याचं बरोबर. कौल एक उतरवलं, नाव पुसट आहे, शेवटची तीन अक्षरं लागतात. फोटो उद्या टाकतो.

सरपंचांशी बोललो. ते म्हणाले, "दार पाहिजे तर घेऊन जा की घरी." ठरावात एक ओळ वाढवायची म्हटल्यावर म्हणाले, बुधवारी सभेत मांडा, मी अडवणार नाही, पण मी बोलणारही नाही.

ओळंबा:

पेंट खरवडू नका. घरी आणूही नका. मी बुधवारी येतो, पेंट काढायचं सामान घेऊन येतो. भाड्याचे पैसे नकोत, जेवण पाहिजे.

पाटकऱ्याचा_नातू:

मीही येतो. आज्जाची दाराची चावी आमच्याकडं आहे, म्हणजे ती फिरवून पाटाचं दार वर-खाली करायची लोखंडी चावी. तुमच्या पाटाच्या दाराला लागते का बघू. पण हातभर लांब आहे आणि जड आहे, गाडीवर मागं धरून बसायला कुणीतरी पाहिजे. गोकाकमार्गे येणार आहे.

जोंधळा:

बसस्टँडवर थांबतो, नऊला. चावी मी धरतो. सभेत बोलणार मात्र मी पाडायच्याच बाजूनं, आधीच सांगून ठेवतो.

पाटकऱ्याचा_नातू:

चालतंय. हेल्मेट आणा, पोलीस उभे असतात.